सोळा हजार पावलांची बाळंतीण

हिवरे बाजार
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. सौ. दिपालीस,
तुझ्या सासूचा, रतनबाईचा आशीर्वाद.

सातवीची परीक्षा झाल्यापास्नं एवढं लिवायची पाळी आली न्हवती, तवा अक्षराकडं बघू नको. फोनच करनार हुते. पन तुमच्याकडं फोन वाजला की तुझी आई त्यो मोठ्या आवाजावर टाकून मदी ठिवती, आन् मी "दिशा कशी हाय" म्हनलं की तिघंबी एकदम बोलत्यात. इचारायचं ते ऱ्हाऊन जातं. म्हनून हर्षलच्या हातीच चिट्टी देते.

इचारायचं आसं हाय. तुझ्या मनगटाला हर्षलनं जो पट्टा बांधलाय त्याचे आकडे त्याच्या मोबाईलवर येत्यात. रोज सकाळी दुधाचा टेम्पो काढायच्या आदी त्यो मोबाईल उघडतो, बघतो आन् खिशात घालतो. काय बघतो ते सांगत न्हाई. त्याचं बोलनं तुला ठाव हाय, दिवसाला चार शब्द, त्यातले दोन टेम्पोसंगं. काल मी चा द्यायला गेले आन् खांद्यावरून डोकावले. वर ह्यो मोठा आकडा, तेरा हजार चारशे बारा.

"ह्ये काय?"
"पावलं."
"कुनाची?"
"दिपालीची."
"म्हैन्याची?"
"कालची."

तेरा हजार पावलं म्हंजी किती म्हनून इचारलं, तर म्हनला, नऊ किलोमीटर आसतील. आन् टेम्पो चालू करून गेला बी.

मी चुलीम्होरं बसून हिशेब लावला. देवळालीहून साखर फॅक्टरीला जायचं, परत यायचं, आन् परत निम्म्या वाटंपतूर जायचं, तवा कुठं नऊ व्हत्यात. दोन म्हैन्याची बाळंतीन तू. आमच्या टायमाला सव्वा म्हैना उंबऱ्याभायेर पाय काढू देत न्हवते. तुमच्याकडं नळ बंद हाय का? पानी लांबून आनावं लागतं का? इहीनबाईंना इचारलं तर त्यांना वाईट वाटल, म्हनून तुलाच इचारते.

डिंकाचे चाळीस लाडू देते. रोज दोन खायाचे. दिशाची दिष्ट काढत जा.

तुझी आई,
रतनबाई


देवळाली प्रवरा
९ जानेवारी २०२५

ती. आईंना,
दिपालीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ह्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि "आईचं" एवढंच म्हणाले. त्या दिवशीचा तो त्यांचा तिसरा शब्द होता.

तुम्ही अजिबात काळजी करू नका. आमच्याकडे नळाला रोज पाणी येतं, आणि मम्मी मला त्या नळाजवळ फिरकूसुद्धा देत नाही. मला अंगणात यायचं तर कानाला स्कार्फ, अंगात स्वेटर, पायात मोजे. गल्लीतल्या बायका विचारतात, काश्मीरला चाललीस का. घरात मी एक पेलासुद्धा उचलत नाही.

पावलं मात्र माझीच आहेत. मी खोलीतल्या खोलीत चालते. दहा हजार झाली की पट्टा हातावर थरथरतो आणि त्यावर फटाके फुटल्याचं चित्र येतं. दिवसभर घरात दिशाचं कौतुक चालतं. तिने जांभई दिली तरी पप्पा शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात. माझं कौतुक करणारा तो पट्टा एकटाच आहे, म्हणून मला तो आवडायला लागला आहे. लग्नात मी बावन्न किलो होते, आता एकोणसत्तर आहे. माझ्या सगळ्या ब्लाउजांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. तेव्हा थोडं चालणं बरंच.

लाडू फार सुंदर झाले होते. डिंक छान फुलला होता. चार दिवसांत संपलेसुद्धा. सगळ्यांना फार आवडले.

तात्यांना नमस्कार. गाईंना चारा जास्त घालू नका, असं हे सांगत होते.

आपली,
दिपाली


हिवरे बाजार
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सौ. दिपालीस आशीर्वाद.

ही चिट्टी मी प्लॅष्टिकात गुंडाळून लाडवाच्या डब्याच्या तळाला ठिवलीय. वर चाळीस लाडू हायेत. लाडू संपल्याबिगर ती कुनाला घावायची न्हाई, आन् लाडू तूच खानार, म्हंजी ती तुलाच घावनार. तवा आता मोकळं लिवते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पैल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा मी हर्षलला इचारलं, तिची खोली केवढी हाय? म्हनला, धा फूट. तिसऱ्यांदा मी आपल्या खोलीत गेले. धा फुटात माझी पाच पावलं बसली. काल तुझा आकडा सोळा हजार हुता. सोळा हजाराला पाचानं भागलं तर बत्तीसशे येरझाऱ्या झाल्या. मी साठ मारून बघितल्या. साठाव्याला भित माझ्याकडं चालत यायला लागली आन् मी धान्याच्या कनगीला धरून खाली बसले. तुझे सासरे म्हनले, काय शोधती? मी म्हनलं, तुमची सून शोधते.

पोरी, बत्तीसशे येरझाऱ्या कुनी मारीत नसतं. आन् चाळीस लाडू चार दिसात म्हंजी रोजचे धा. धा लाडू खाऊन धा फुटात सोळा हजार पावलं चालनारी बाळंतीन मी आजून पाह्यली न्हाई.

खरं काय ते सांग. इहीनबाई तुला कामाला लावत्यात का? तुमचा ऊस तुटायला आलाय हे मला ठाव हाय. बांधावर भाकरी पोचवायला तुला धाडत्यात का? तुझी आई बोलायला लई गोड हाय, पन गोड बोलून काम करून घेनाऱ्या बायका मी पाह्यल्यात. तसं आसल तर निस्तं "व्हय" एवढंच लिव. मी हर्षलला संगं घेऊन दुसऱ्या दिवशी तुला घिऊन येते. पाठवनीच्या नऊ फेब्रुवारीची वाट बघायची न्हाई.

वाचून झाली की चिट्टी चुलीत घाल.

रतनबाई


देवळाली प्रवरा
२१ जानेवारी २०२५

सौ. रतनबाई यांस,
पुष्पावतीचा नमस्कार.

आपलं पत्र आमच्या ह्यांना डब्याच्या तळाशी सापडलं. ते तुपकट झालं होतं, पण अक्षर न् अक्षर लागलं. ह्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. पत्र चुलीत घालायला सांगितलं होतं, पण आमच्याकडे चूल नाही, दोन शेगड्यांचा गॅस आहे.

मी कमी बोलणारी बाई आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. माझी मुलगी माझ्या घरी पलंगावरून खाली उतरत नाही. तिला चहासुद्धा हातात मिळतो. ऊस तोडायला टोळी आलेली आहे, आणि त्यांची भाकरी ते स्वतः करतात. दिपालीला मी बांध दाखवलेलासुद्धा नाही. बाळाचे कपडे मी स्वतः धुते, कारण मशीनमध्ये त्यांचा मऊपणा जातो. हे मी कोणाला सांगत नव्हते. आता सांगावं लागलं.

गोड बोलून काम करून घेण्याबद्दल आपण लिहिलं आहे. आजपासून मी गोड बोलणं बंद केलं आहे. नऊ फेब्रुवारीला दिपालीला पाठवायचं ठरलं होतं. आपण हे शब्द मागे घेत नाही तोवर ती तारीख धरू नये.

ह्यांना लाडू कसे सापडले, हा आमच्या घरातला प्रश्न आहे आणि तो मी घरात सोडवीत आहे.

पुष्पावती


देवळाली प्रवरा
२४ जानेवारी २०२५

ती. आईंना शि. सा. नमस्कार.

मम्मीचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. घरात तीन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. मम्मी पप्पांशी बोलत नाही, पप्पा मम्मीशी बोलायला घाबरतात, आणि दोघंही निरोप दिशाला सांगतात. "दिशाबाई, तुमच्या आजोबांना म्हणावं जेवायला वाढलंय." दिशा अडीच महिन्यांची आहे.

हे सगळं माझ्यामुळे झालं आहे, म्हणून आता खरं सांगते. सगळं नाही जमणार, पण बरंच.

लाडू मी खाल्ले नाहीत. पट्ट्याबरोबर मोबाईलमध्ये एक ॲप आलं आहे. खाल्लेलं त्यात लिहायचं असतं. ते मला सांगतं की दिवसाला बाराशे कॅलरी पुरे. तुमचा एक लाडू त्यात घातला तर ते अडीचशे दाखवतं आणि आकडा लाल होतो. मम्मीची अळिवाची खीर घातली तर अजून लाल. लाल रंग बघितला की मला रडू येतं. म्हणून मी लाडू आणि खीर पप्पांना द्यायला लागले. पप्पांनी सुरुवातीला "बाळंतिणीचं आहे" म्हणून नको नको केलं. पंधरा दिवसांनी ते स्वतःच दाराशी येऊन उभे राहायला लागले. आता त्यांच्या शर्टाची दोन बटणं लागत नाहीत. चहाच्या टपरीवर लोक पप्पांना विचारतात, काकासाहेब, कितवा महिना. त्यांचं वजन साडेचार किलो वाढलं आहे आणि गुडघेदुखी गेली आहे, असं ते म्हणतात.

मी दोन फुलके आणि काकडी खाते. माझं वजन तरीही फक्त सहाशे ग्रॅम उतरलं.

आता जे मम्मीला सांगितलेलं नाही ते सांगते. अंगणवाडीत दिशाचं वजन केलं. मागच्या महिन्यात आठशे ग्रॅम वाढली होती. या महिन्यात फक्त दोनशे. ताईंनी कार्डावर टिंब दिलं आणि म्हणाल्या, रेष वर जायला हवी होती. पाजताना ती मध्येच सोडून रडते. मला वाटतं दूध कमी झालंय. आई, मला फार भीती वाटते आहे. मम्मीला सांगितलं तर ती पट्टा नाल्यात फेकेल आणि मला समोर बसवून भरवेल.

पण मी पट्टा काढूही शकत नाही. ह्यांनी दिला आहे. बाळंतपणानंतर विसाव्या दिवशी आले, काही न बोलता हाताला बांधला आणि गेले. दुसऱ्या बायकांचे नवरे साडी आणतात. मी समजले. ह्यांना मी जाड दिसते. तोंडाने म्हणाले नाहीत, एवढंच.

दिपाली


हिवरे बाजार
३० जानेवारी २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

पैली गोष्ट. हे वाचती त्या घडीला उठ आन् काहीतरी खा. मंग म्होरचं वाच.

खाल्लं का? आता ऐक.

तुझं पत्र आलं तवा मला तुझी बी काळजी वाटली आन् त्या पट्ट्याचा बी राग आला. दोन फुलके खाऊन, पलंगावर बसून, बाई सोळा हजार पावलं कशी चालती, हे मला कळंना. शेजारच्या मोनिकाकडं तसाच पट्टा हाय, ती कॉलेजात जाती. म्हनलं, एक दिवस दे. तिनं माझ्या हातात बांधला. मनगटाला पट्टा बांधून गोठ्यात गेले तर गाय माझ्याकडं बघून आपल्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बघायला लागली.

मी मळ्यात गेले. घासाचा भारा बांधला, डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी धरला आन् घरी आले. वाटंनं पावलं मोजीत आले, अकराशे भरली. पट्टा बघितला तर म्हनतो, एकोनचाळीस. मला वाटलं बिघडला. मंग घरातल्या चौकात बसून ताक घुसळलं. बसल्या जागी. त्यानं मला एकवीसशे पावलं दिली आन् हातावर थरथरला. भारा वाहून आनला तवा गप बसला, आन् ताक केलं तवा शाबासकी.

मंग माझ्या डोस्क्यात परकाश पडला. ह्यो पाय मोजीतच न्हाई, हात मोजतो. त्याला पायाचा ठावठिकाना कुठला?

खात्री करायची म्हनून माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधली. आत बाळ पायजे म्हनून पाच किलो कांदे ठिवले. दोरी हातात धरून अर्धा घंटा हालवली. तुझे सासरे रानातून आले आन् दारातच थांबले. म्हनले, "कांदे झोपले का?" मी म्हनलं, "हळू बोला, तीन हजार झाल्यात."

तवा पोरी, तू पलंगावर बसून झोळी हालवती, आन् ते तुला चालनं म्हनून दाखवतंय. त्ये तुला ठाव हाय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मी कुनाला सांगितलं न्हाई. हर्षलला बी न्हाई.

पन दुसरी गोष्ट हसन्यावारी न्यायची न्हाई. पावलं खोटी निघाली, तशा त्या तुझ्या बाराशे कॅलऱ्या बी कुनी ठरवल्यात इचार. त्या मोबाईलला ठाव हाय का, तुझ्या अंगावर एक लेकरू पितंय? इहिरीतून रोज पानी काढायचं आन् झरा बुजवायचा, आसं चाललंय तुझं. आमच्या गावात पाऊस किती पडला त्ये मोजून मंग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवत्यात. उलटं करीत न्हाईत. दिशाला घिऊन डाक्टरकडं जायाचं. तिथं समदं सांगायचं, लाल आकडा बी सांगायचा.

तिसरी गोष्ट. म्या हर्षलला इचारलं, पट्टा तिला का दिला रं? मान खाली घालून म्हनला, "तिलाच सांगंन." त्यानं चार शब्दांवर एक शब्द वाढवला न्हाई. रैवारी त्याला घिऊन येते. तूच इचार.

तुझ्या आईवर म्या नाय ते आळ घेतले. त्यांची माफी मागायची हाय, आन् ती चिट्टीत मागायची नसती. मी येनार हे सांगू नको, न्हाईतर त्या सकाळपास्नं घर झाडत बसतील आन् जास्तच चिडतील.

रतनबाई


देवळाली प्रवरा
६ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना शि. सा. नमस्कार.

तुम्ही रविवारी गेलात आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. तुम्ही स्वयंपाकघरात असताना बाहेर काय झालं, आणि तुम्ही गेल्यावर काय झालं, ते सगळं सांगायला बसले आहे.

तुम्ही दारात पाय ठेवताच मम्मीला "चुकलं माझं" म्हणालात, तिथेच खरं म्हणजे मम्मी हरली. तिने बारा दिवस मनात भांडण जुळवलं होतं आणि ते वापरायची वेळच आली नाही. म्हणून मग तिने ते चहा देताना थोडं थोडं बाहेर काढलं. तुम्ही मुकाट ऐकत होतात आणि मध्येच म्हणालात, "इहीनबाई, एवढा घडीभर हा हातात घाला." मम्मीला वाटलं भेट आणली आहे. तिने तो मोनिकाचा पट्टा घातला आणि पुन्हा सुरू झाली. मम्मी बोलताना हात नाचवते हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण त्याचा आकडा कधी पाहिला नव्हता. अर्ध्या तासात, सोफ्यावर बसून, आठशे बारा पावलं. पप्पा इतके हसले की उरलेल्या बटणांतलं एक तुटलं. मम्मीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आकड्याकडे, आणि मग तीही हसली. तीन दिवस मधून मधून ती एकटीच हसते आहे. निरोप आता दिशाला सांगत नाहीत.

झोळीचं तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. मला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात मी खरंच अंगणात चालायचे, तर अठराशेच्या वर जायचं नाही. एके दिवशी दिशा झोपेना म्हणून दुपारभर दोरी ओढली आणि हातावर फटाके फुटले. तेव्हाच समजलं. पण मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःलाही सांगितलं नाही.

आता ह्यांचं. तुम्ही दोघी आत गेल्यावर मी दिशाला मांडीवर घेऊन बसले होते. हे खुर्चीच्या कडेवर बसले होते. मी विचारलं, "मी जाड झालेय म्हणून पट्टा दिलात ना?"

ह्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "जाड?" जणू तो शब्दच पहिल्यांदा ऐकला. मग एका दमात बोलले. इतकं मी त्यांना कधी बोलताना ऐकलेलं नाही. म्हणाले, "नवव्या महिन्यात तुझा बीपी वाढला होता. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणानंतरही लक्ष ठेवा. मी तिकडे, तू इकडे. दुकानात म्हणाले ह्यात ठोके दिसतात. रोज सकाळी बघतो. ठोके दिसले की टेम्पो काढतो."

मी विचारलं, "आणि पावलं?"

म्हणाले, "ती आई बघते."

आई, ठोक्यांचा आकडा त्या पट्ट्यावर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात आहे. मी तो दोन महिन्यांत एकदाही पाहिला नव्हता. मी रडले. हे घाबरून उठले आणि मोबाईल काढून माझे ठोके बघायला लागले. मी समोर बसले होते तरी.

सोमवारी हे पुन्हा आले आणि आम्ही सगळे मिळून डॉक्टरांकडे गेलो. माझा बीपी मोजला, तो चांगला आहे. ठोक्यांवरून बीपी कळत नाही, असं त्यांनी ह्यांना समजावलं. ह्यांचे कान लाल झाले. दिशाला तपासलं. म्हणाले, मुलगी छान आहे, आईच उपाशी आहे. ॲपचे बाराशे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं की ॲपला मी बाळंतीण असल्याचं कोणी सांगितलं होतं का. कोणीच सांगितलं नव्हतं. मी वय, उंची आणि वजन भरलं होतं. तिथे दुसरं काही विचारलंही नव्हतं. पोटभर जेवायचं, लाडू दिवसाला एक, दोन नाहीत, आणि रोज अर्धा तास उघड्यावर पायांनी चालायचं. "पायांनी" असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आहे. आठ दिवसांनी पुन्हा वजन करायचं आहे.

तीन दिवस जेवते आहे. दिशा काल पिता पिता झोपली. मध्ये सोडून रडली नाही.

मम्मी पंधरा तारखेला, शनिवारी पाठवायला तयार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. तिकडे आल्यावर चालायला कुठे जाऊ? लग्नानंतर एकदा मी संध्याकाळी सहज वेशीपर्यंत गेले होते, तर सहा जणांनी विचारलं, कुठं चालली, काय झालं, भांडण झालं का. एका आजीबाईंनी मला हाताला धरून घरी आणून सोडलं होतं.

दिपाली


हिवरे बाजार
१३ फेब्रुवारी २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

हर्षलनं फोनवर दिशाचं वजन सांगितलं. आठवड्यात दोनशे तीस. मी गाईपुढं चारा टाकीत हुते, तशीच घमेल्यावर बसले. मंग तुझ्या आईला फोन लावला. त्यांनी मोठ्या आवाजावर टाकला. आमी दोघी एकदम बोललो आन् कुनाला काय ऐकू आलं न्हाई, पन बरं वाटलं.

तू चालायला कुठं जाऊ म्हनून इचारलंस, त्ये मी दोन दिवस घोळवलं. कारन त्यात खोट आमच्या गावाची हाय. ज्या आजीनं तुला धरून आनलं हुतं ती माझीच चुलत सासू, भीमाबाई. तिचा काय दोष न्हाई. बाई हातात कळशी, इळा, डबा काईतरी घिऊन निघाली तर कुनी इचारत न्हाई. मोकळ्या हातानं निघाली की लोकांना वाटतं, ही घर सोडून चालली.

तुला एक सांगते, ह्ये आजून कुनाला सांगितलं न्हाई. हर्षल झाला तवा मी बी लई सुटले हुते. माझी सासू म्हनली, पोट बांध. मी लुगड्याची पट्टी करून इतकी आवळून बांधायची की जेवन खाली उतरत नसायचं. चार म्हैने बांधली. हर्षल बी तवा किरकिरा हुता. का त्ये तवा कळलं न्हाई, तुझं पत्र वाचून कळलं. त्याला आता बोलता येत न्हाई, तवा लई रडून घेतलं आसल, आसं मी मनाशी धरलंय.

तर परवा ग्रामसभा हुती. पान्याचं झालं, रस्त्याच्या दिव्यांचं झालं. कुनाला काय बोलायचं का म्हनल्यावर मी हात वर केला. तुझ्या सासऱ्यांनी माझा पदर धरून खाली वढला. मी उभी ऱ्हायले. म्हनलं, "माझी सून शनवारी लेकरू घिऊन येतीया. डाक्टरनं तिला रोज अर्धा घंटा चालायला सांगितलंय. मोकळ्या हातानं. ती निघाली की तिला कुठं चालली, का चालली, भांडली का, आसं कुनी इचारायचं न्हाई. तिलाच न्हाई, कुन्या बी बाळंतिनीला इचारायचं न्हाई."

मानसं हसली. सहादेव म्हनला, "मावशे, न इचारता ऱ्हावल का आमाला?" मी म्हनलं, "कुऱ्हाडबंदी पाळता, चराईबंदी पाळता, तोंडबंदी अर्धा घंटा पाळता येत न्हाई का?" मंग बाया हसल्या, आन् बाया हसल्यावर मानसं गप झाली. माळावर पानी आडवायला खोदलेल्या चरांपतूर जायाचं आन् यायाचं, आसं ठरलं. मोनिकाची वयनी उठून म्हनली, मी बी जानार. मंग आजून दोघी. शेवटी भीमाबाई काठी टेकीत उभी ऱ्हायली आन् म्हनली, "मला बी न्या. मी कंदी कुठंच गेले न्हाई."

समद्यांनी हात वर केले. तुझ्या सासऱ्यांनी सगळ्यात शेवटी केला, पन केला.

शनवारी दुपारच्या आत या. पायात बूट घालून ये. आन् गावात कुनी "कुठं चालली" म्हनलं, तर थांबायचं न्हाई, फकस्त नाव ध्यानात ठिवायचं आन् मला येऊन सांगायचं.

तुझी आई,
रतनबाई